मुलाकडून मुलाकडे (आरोग्यकार्याची पद्धत)

मुलांनी स्वतःचे, धाकट्या भावंडांचे आणि वाड्याचे (वस्तीचे) आरोग्य सुधारण्यासाठी स्वतः काम करण्याची पद्धत. बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ली आणि शिक्षणतज्ज्ञ ह्यू हॉज यांच्या पुढाकाराने १९७८ साली लंडनमध्ये ती ‘चाइल्ड-टू-चाइल्ड’ या नावाने सुरू झाली. १९७९ चे आंतरराष्ट्रीय बालवर्ष हे तिचे निमित्त होते. विषय समजून घेणे, वाड्यावर माहिती काढणे, बेत ठरवणे, कृती करणे, परिणाम पाहणे आणि चुका दुरुस्त करून काम पुन्हा करणे, असे तिचे सहा टप्पे आहेत.

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी किंवा पेडण्यातल्या शाळेसाठी पावसाळ्यातला डेंग्यू हा सोयीचा विषय. मुले घराघरांत करवंट्या, जुने टायर, कुंडीखालच्या बश्या, फ्रिजमागची ताटली आणि कुळागरात (पोफळीच्या बागेत) पडलेल्या पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची पन्हळीसारखी आवरणे, तपासतात. पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन उजेडात धरले की वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. समजा, २० घरांपैकी ६ घरांत अळ्या सापडल्या, तर प्रमाण ३० टक्के. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठलेले पाणी ओतून भांडी सुकवायची. बहुतेकांचे चुकते ते इथे: पाणी ओतून दिले तरी अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, सुकी असली तरी कित्येक महिने जगतात आणि पाणी भरताच फुटतात. त्यामुळे पिंप काथ्याने घासायलाच हवे. पुढच्या महिन्यात त्याच २० घरांची पुन्हा पाहणी होते. हा टप्पा गाळला तर उरते ती नुसती प्रभातफेरी.

अपंग मुलांचा सहभाग ही या पद्धतीची खरी कसोटी. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला वही देऊन शाळेच्या ओसरीवर बसवणे हा सर्रास होणारा अन्याय आहे. त्याच्या गटाला डांबरी रस्त्यालगतची घरे द्यावीत. पायऱ्या असतील तिथे घरच्यांनी भांडी अंगणात आणावीत. शाळेच्या दारात १५ सेंटीमीटरचा उंबरा असेल, तर उतार किमान १.८ मीटर लांब करावा लागतो, कारण चढ १:१२ पेक्षा तीव्र नको. कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी बोलणाऱ्याने समोर उभे राहावे आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा; खिडकीकडे पाठ केली की ओठ दिसत नाहीत. दृष्टिहीन मूल घरच्यांना प्रश्न विचारते, उत्तरे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला एका वेळी एकच काम आधी करून दाखवावे: करवंटी पालथी घालणे, मग पुढचे. जोडीदार दर आठवड्याला बदलावा, नाहीतर एकच मूल कायमचे मदतनीस होते आणि मैत्री राहून जाते.

विहिरी, छपरावरच्या टाक्या आणि कीटकनाशके मुलांच्या कामात येत नाहीत. अशा जागांची यादी करून ती आरोग्य केंद्राकडे द्यावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा पाहणीला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.