दोन मधू: लिमये कोणते, दंडवते कोणते?

परवा एका स्नेह्यांनी ठामपणे सांगितलं, ‘कोकण रेल्वे मधू लिमयांनी आणली.’ ही गल्लत मी इतक्यांदा ऐकली आहे की आता राहवत नाही.

गल्लत होते हे समजण्यासारखं आहे. दोघेही मराठी, दोघेही समाजवादी, दोघेही १९५५च्या गोवा सत्याग्रहात, दोघेही आणीबाणीत तुरुंगात. वयातही जेमतेम दोन वर्षांचं अंतर: लिमये १९२२चे, पुण्याचे, दंडवते १९२४चे, अहमदनगरचे. आयुष्याचा मोठा काळ दोघांनीही विरोधी बाकांवर काढला.

ओळखायची सोपी खूण म्हणजे मतदारसंघ. मधू लिमये लोकसभेत गेले ते बिहारमधून. १९६४ची मुंगेरची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली, पुढे १९७३ आणि १९७७ मध्ये बांका. पुण्याच्या माणसाला मुंगेर-बांकाच्या लोकांनी आपलं मानलं, आणि महाराष्ट्रात ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते, याची मला खंत वाटते. दंडवते मात्र कोकणचे खासदार. तिथले खासदार नाथ पै गेल्यावर १९७१ मध्ये ते राजापूरमधून निवडून आले आणि सलग पाच वेळा येत राहिले. त्याआधी मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणून ‘प्राध्यापक मधू दंडवते’.

पण खरा फरक सत्ता दाराशी आली तेव्हा दिसला. १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं. दंडवते रेल्वेमंत्री झाले. तोवर दुसऱ्या वर्गाचा प्रवास म्हणजे लाकडी फळीवर अंग टाकायचं आणि सकाळी पाठ धरून उतरायचं. त्या फळीवर दोन इंचांची गादी आली ती दंडवत्यांच्या काळात. मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस त्यांनी वर्गविरहित गाडी म्हणून सुरू केली. १९७४च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतलं. विरोधात असताना जे मागितलं, ते खुर्चीवर बसल्यावर करून दाखवणारा हा माणूस. राहिली कोकण रेल्वे: तिचं महामंडळ १९९०चं. तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते आणि रेल्वे खातं जॉर्ज फर्नांडिसांकडे होतं.

लिमयांनी मंत्रिपद घेतलंच नाही, पक्षाचं सरचिटणीसपद सांभाळलं. त्यांचं हत्यार म्हणजे सभागृहाचे नियम: प्रश्न, हक्कभंग, स्थगन प्रस्ताव. आणि ते नियम स्वतःलाही लावायचे. आणीबाणीत लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपली, सरकारने ती वाढवून घेतली. लिमये तेव्हा मध्य प्रदेशात तुरुंगात होते. लोकांनी पाचच वर्षांसाठी निवडून दिलंय, म्हणून त्यांनी आणि शरद यादवांनी तिथूनच राजीनामे दिले. दंडवते त्या वेळी बंगळूरच्या तुरुंगात होते आणि प्रमिलाताई येरवड्याला. नवरा-बायकोची भेट पत्रांतूनच.

१९७९ मध्ये तर दोघांच्या वाटाच वेगळ्या झाल्या. जनसंघातून आलेल्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नातं तोडावं, पक्ष आणि संघ असं दुहेरी सदस्यत्व नको, हा आग्रह लिमयांनी लावून धरला. मोरारजींचं सरकार पडलं, लिमये बाहेर पडले आणि दंडवते जनता पक्षातच राहिले. म्हणून नावांची अदलाबदल इथे सगळ्यात महाग पडते, कारण एकाच्या निर्णयाचं श्रेय किंवा दोष दुसऱ्याच्या माथी बसतो. लिमयांचा आग्रह तत्त्वाला धरून होता असं मला वाटतं, पण त्याची किंमत पुढे साऱ्या समाजवाद्यांनी मोजली, हेही तितकंच खरं.

दंडवते १९९१ मध्ये राजापूरला हरले, तरी पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि २००५ मध्ये गेले. लिमये १९८०ची निवडणूक हरल्यावर थोड्याच काळात सक्रिय राजकारणातून बाजूला झाले आणि १९९५ मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिले. स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन त्यांनी घेतली नाही, माजी खासदाराचीही नाही.