स्कॉटलंड पायी ओलांडायचे तर: नकाशावरच्या रेषेमागचा इतिहास

दरवर्षी मे महिन्यात काही शे माणसे पाठीवर तंबू घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघतात आणि दोन आठवड्यांत पूर्व किनाऱ्याला पोहोचतात. हॅमिश ब्राउन या गिर्यारोहकाच्या कल्पनेतून 1980 मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाला आज ‘द ग्रेट आउटडोअर्स’ या मासिकाच्या नावावरून टीजीओ चॅलेंज म्हणतात. ही शर्यत नाही आणि तिला ठरलेली वाटही नाही. सुमारे 300 किलोमीटरचा मार्ग ज्याचा त्याने आखायचा. रोजचे अंतर, चढ, मुक्काम आणि हवा बिघडली तर घ्यायची दुसरी वाट, असे सगळे कागदावर मांडायचे. तो आराखडा अनुभवी मंडळी आधी तपासतात.

यातला बहुतेक डोंगर खासगी मालकीचा आहे. तरीही कोणाची परवानगी न मागता त्यावर रेषा ओढता येते, रात्री तिथे तंबू ठोकता येतो. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने हा हक्क दिला आणि 9 फेब्रुवारी 2005 पासून तो लागू झाला. त्याआधी 1865 चा एक कायदा होता आणि त्यानुसार मालकाला न विचारता मुक्काम करणे हा गुन्हा ठरत असे. नवा हक्क जबाबदारीने वागण्याच्या अटीवर मिळालेला आहे. घराचे आवार आणि उभे पीक त्यातून वगळले आहे, मोटारगाडीला तो लागू नाही आणि लॉक लोमंड या तळ्याच्या काठावर ठरावीक भागांत मार्च ते सप्टेंबर मुक्कामासाठी परवाना काढावा लागतो. एवढे सोडले तर नकाशा मोकळा आहे. पण हा मोकळेपणा आपोआप आलेला नाही.

आधी वाटांकडे पाहू. आज ज्या खिंडींतून मार्ग आखला जातो त्यातल्या कितीतरी गुरांच्या वाटा आहेत. सतराव्या शतकापासून रेल्वे येईपर्यंत डोंगराळ भागातली काळी, आखूड पायांची गुरे हाकत दक्षिणेला क्रीफच्या आणि पुढे फॉल्कर्कच्या बाजाराला नेत. स्काय बेटावरची गुरे एकीच्या शेपटीला दुसरीचा जबडा बांधून खाडीतून पोहत पलीकडे काढत. पुढे कठीण रस्ता असला तर त्यांच्या खुरांना नाल ठोकत. हाकणारे लोक ओटचे पीठ आणि कांदे खाऊन उघड्यावर झोपत आणि दिवसाला 16 ते 20 किलोमीटर जात. आजचा चालणारा आपल्या आराखड्यात साधारण हाच आकडा धरतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. तो ज्या जमिनीवरून जातो तिची चाल गुरांनी आधीच मोजून ठेवली होती.

दुसरा थर फौजेचा. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने उठणाऱ्या जॅकोबाइट लोकांच्या बंडांना आळा घालण्यासाठी 1724 मध्ये जनरल जॉर्ज वेड उत्तरेत आला. त्याने सुमारे 400 किलोमीटर रस्ते बांधले, त्यात 1731 चा कोरियारिक खिंडीतला वळणावळणांचा रस्ताही होता. 1745 मध्ये बंडखोरांची फौज नेमकी याच रस्त्याने दक्षिणेला उतरली. वेडनंतर विल्यम कॉलफील्डने हे काम कितीतरी पुढे नेले. वेस्ट हायलंड वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेवरचा ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’ हा चढ त्या काळातल्या फौजी रस्त्याचाच भाग आहे. नकाशाचे मूळही तिथेच आहे. कलोडनच्या लढाईत बंडखोर हरल्यानंतर, 1747 पासून, विल्यम रॉयच्या हाताखाली स्कॉटलंडची लष्करी मोजणी झाली आणि ब्रिटनच्या पुढच्या सरकारी मोजणीची पायवाट तिने पाडली.

वेळेचा हिशोब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडला आणि तो आजही वापरतात. ताशी सुमारे पाच किलोमीटर धरायचे आणि प्रत्येक 600 मीटर चढाला एक तास वाढवायचा. म्हणजे 20 किलोमीटर आणि 900 मीटर चढ असेल तर साडेपाच तास. त्यात दलदल, ओझे आणि विश्रांती आलेली नाही, त्यामुळे शहाणा माणूस यात आणखी भर घालतो.

या वाटा बंद होण्याची वेळ एकोणिसाव्या शतकात आली. कुळांना हुसकून डोंगरांवर मेंढ्या आणल्या गेल्या, नंतर श्रीमंतांच्या शिकारीसाठी त्यांची हरणांची राने झाली. रानात माणूस दिसला की हरीण बुजते, म्हणून माणूस नको. एडिनबरात 1845 मध्ये सार्वजनिक वाटांच्या रक्षणासाठी संस्था उभी राहिली. दोनच वर्षांनी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फोर विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्ट या दरीतून जात असताना तिथल्या जमीनदाराने, अॅथलच्या ड्यूकने, त्यांना स्वतः अडवले. ती मंडळी भिंतीवरून उड्या मारून निसटली आणि प्रकरण कोर्टात गेले. वाट खुली राहिली. 1880 च्या दशकात किंटेलमध्ये वायनन्स नावाच्या अमेरिकन शिकारी भाडेकरूने एका गरीब कुटुंबाचे पाळलेले कोकरू आपल्या रानात शिरले म्हणून खटला भरला. तो हरला. जेम्स ब्राइस यांनी 1884 मध्ये डोंगरांवर सर्वांना जाऊ द्यावे असे विधेयक संसदेत मांडले. ते पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि दर वेळी पडले. त्यानंतर 2003 उजाडायला एकशे एकोणीस वर्षे गेली.

सगळ्यात मोठी झुंज ग्लेन डॉल या दरीची. ब्रेमार गावाहून तिथे उतरणारी ‘जॉक्स रोड’ ही वाट नव्या मालकाने, डंकन मॅकफर्सनने, बंद केली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे दोन सार्वजनिक ठिकाणांना जोडणारी वाट लोकांनी 40 वर्षे वापरली आहे हे सिद्ध करावे लागे. कागदपत्रे कुठून आणणार? मग मेंढपाळ आणि गुरे हाकणारे म्हातारे साक्षीला उभे राहिले आणि आपण जनावरे घेऊन इथून गेलो आहोत असे त्यांनी शपथेवर सांगितले. वाटांच्या रक्षणाची ती एडिनबराची संस्था 1887 मध्ये जिंकली, 1888 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च न्यायालयातही जिंकली. खर्चाने मात्र तिचे कंबरडे मोडले.

पूर्व किनाऱ्याकडे निघालेले अनेक जण आजही शेवटच्या टप्प्यात हीच वाट धरतात. वर सुमारे 900 मीटर उंचीचे उघडे पठार लागते. 1959 च्या नववर्षाच्या दिवशी निघालेले पाच जण तिथे हिमवादळात सापडून दगावले. त्यानंतर वाटेच्या वरच्या अंगाला दगडमातीचा, हिरवळीने झाकलेला एक बुटका निवारा बांधला गेला. आराखडा तपासणारे वाईट हवेतली दुसरी वाट का मागतात, ते त्याच्या दाराशी वाकल्यावर कळते.