रॅम वाढवायला मशीन पाठवण्याआधी
जुन्या कन्सोलचे गेम खेळण्यासाठी मिनी पीसी घेणाऱ्या आणि घेतलेल्या ग्राहकांसाठी

‘गेम अडकतोय, रॅम वाढवून द्या.’ आमच्याकडे येणाऱ्या मिनी पीसींसोबत सर्वांत जास्त वेळा हीच मागणी असते. मशीन उघडावे तर आत १६ जीबी रॅम असते आणि त्यातली निम्मी रिकामी. ती ३२ केली तरी गेम तसाच अडकतो. मशीन पाठवण्यात आणि परत मिळण्यात तुमचे दिवस जातात, म्हणून हे आधीच सांगतो आहोत.

प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी होती. प्लेस्टेशन ३ ची सगळी मिळून ५१२ एमबी. एम्युलेटर म्हणजे पीसीवर जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारा प्रोग्रॅम. त्याला ही जागा, स्वतःच्या कामाला थोडी जास्त आणि शिवाय विंडोजची. एवढे सगळे १६ जीबीत आरामात मावते.

अडते ते प्रोसेसरपाशी. एम्युलेटर जुन्या प्रोसेसरची एकेक सूचना नव्या प्रोसेसरच्या भाषेत बदलत असतो. पुढची सूचना बहुतेकदा आधीच्या उत्तरावर अवलंबून असते, त्यामुळे हे काम आठ कोअरमध्ये (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांमध्ये) वाटून देता येत नाही. ६० हर्ट्‌झच्या गेममध्ये एका चित्राचे सगळे काम १६.७ मिलिसेकंदांत उरकावे लागते. ते हुकले की आधी आवाज फाटतो, मग चित्र अडखळते. म्हणून कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगाने चालतो, हे पाहा. प्लेस्टेशन ३ चे एम्युलेशन मात्र याला अपवाद आहे: तिच्या सेल प्रोसेसरमध्ये गेमसाठी सहा सहायक कोअर होते, त्यामुळे तिथे आठ कोअर खरोखर उपयोगी पडतात.

कोणत्या कन्सोलला काय लागते

ऑर्डर घेताना आम्ही विचारतो, ‘तुम्हाला खेळायचा सर्वांत नवा कन्सोल कोणता?’ काही ग्राहकांना ही चौकशी नकोशी वाटते. पण ‘सगळे जुने गेम’ या उत्तरावरून मशीन निवडता येत नाही. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्‌झवर चालायचा, प्लेस्टेशन २ चा २९४ वर. दोन्ही ‘जुने’च.

पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतच खेळायचे असेल तर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणकसुद्धा पुरतो; मोठे मशीन घेऊ नका, आम्हीही ते सुचवणार नाही. ड्रीमकास्ट, निन्टेन्डो ६४ आणि पीएसपीसाठी इंटेल एन१०० प्रोसेसर चांगला. तो गेमक्यूब आणि प्लेस्टेशन २ चे बरेच गेम मूळ रिझोल्युशनला चालवतो, पण जड गेममध्ये दम टाकतो. प्लेस्टेशन २ हेच मुख्य आकर्षण असेल तर एएमडीचा रायझन ५ ५६००एच किंवा त्याच्या वरचा प्रोसेसर घ्या. वी यू आणि प्लेस्टेशन ३ साठी आम्ही रायझन ७ ७८४०एचएसच्या खाली देत नाही, आणि त्यावरही प्लेस्टेशन ३ चा प्रत्येक गेम चालेल असे आश्वासन देत नाही.

जुने ऑफिसचे मशीन घेताना ‘आय-सेव्हन’ या नावावर जाऊ नका. २०११ सालच्या आय-सेव्हन २६०० मध्ये एव्हीएक्स२, म्हणजे एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करण्याची सोय, नाही. इंटेलच्या कोअर मालिकेत ते २०१३ च्या चौथ्या पिढीपासून आले. नव्या एम्युलेटरांना त्याचा मोठा फायदा होतो. इंटेलच्याच एन५१०५ आणि एन१०० या प्रोसेसरांची नावेही सारखी वाटतात, पण पहिल्यात एव्हीएक्स२ नाही, दुसऱ्यात आहे.

रॅमची तक्रार कधी खरी असते

रायझनमधल्या ग्राफिक्सला स्वतंत्र मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरते. दोन स्लॉटपैकी एकातच स्टिक असेल तर रॅमचा वेग निम्म्यावर येतो आणि त्याचा फटका थेट चित्राला बसतो. १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८-८ च्या दोन चांगल्या. म्हणूनच आमची रायझन मशीन दोन स्टिकसहच निघतात, मग जाहिरातीतला आकडा लहान दिसला तरी चालेल. तुमच्याकडे काय आहे ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केल्यावर दिसते: ‘१ ऑफ २’ असेल तर दुसरी स्टिक जरूर घाला. एन१०० ला मेमरीचा चॅनेलच एक आहे, तिथे हा उपाय लागू नाही. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर ती वाढवताच येत नाही.

पाठवण्याआधी दहा मिनिटे द्या

पीसीएसएक्स२ या प्लेस्टेशन २ च्या एम्युलेटरमध्ये स्क्रीनवर आकडे दाखवणारा पर्याय सुरू करा आणि गेम जिथे अडकतो तिथे थांबून पाहा. वेग १०० टक्क्यांच्या खाली आणि ‘ईई’चा (प्लेस्टेशन २ च्या मुख्य प्रोसेसरच्या नकलेचा) आकडा १०० च्या जवळ असेल, तर प्रोसेसर कमी पडतो आहे. ‘ईई’ साठ-सत्तरवर आणि जीपीयू (ग्राफिक्सचा भाग) १०० वर असेल, तर एम्युलेटरमधले इंटर्नल रिझोल्युशन खाली आणा. चौपट रिझोल्युशन म्हणजे सोळापट पिक्सेल, हे लक्षात येत नाही. ते चौपटीवरून दुपटीवर आणले की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सुरुवातीला नीट चालून वीस मिनिटांनी मंदावत असेल तर कारण उष्णता. पंख्यातली धूळ काढा, मशीन टीव्हीमागच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. वीजमर्यादाही पाहा: ७८४०एचएस ३५ ते ५४ वॉटपर्यंत चालवता येतो आणि मशीनच्या बायोस सेटिंगमध्ये ती खाली ठेवलेली असेल तर तोच प्रोसेसर मंद वाटतो. प्रत्येक मशीन आम्ही तासभर पूर्ण भाराखाली चालवूनच देतो. देण्याला एक दिवस जास्त लागतो तो यामुळे.

ब्लूटूथ कंट्रोलर मध्येच तुटत असेल तर शेजारच्या यूएसबी ३ पोर्टमधली हार्ड डिस्क तपासा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये शिरतो. ब्लूटूथ डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरने लांब न्या. गेमची डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करू नका: ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही आणि प्लेस्टेशन २ ची डीव्हीडी सहसा ४.७ जीबीपर्यंत, दोन थरांची असेल तर ८.५ जीबीपर्यंत असते. एक्सफॅट वापरा.

गेम आणि कन्सोलचे बायोस (कन्सोल सुरू करणारा त्यातला मूळ प्रोग्रॅम) आम्ही भरून देत नाही, विचारू नका. ते तुमच्या स्वतःच्या कन्सोलमधून आणि डिस्कवरून काढायचे. प्लेस्टेशन २ ची डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते, गेमक्यूबची येत नाही. तिला निन्टेन्डोचा वी कन्सोल लागतो. काढलेल्या फाइली सीएचडी किंवा आरव्हीझेड या कमी जागा घेणाऱ्या प्रकारांमध्ये कशा बदलायच्या, हे आमच्या ग्राहकांना फोनवर समजावून सांगतो.

ऑर्डर किंवा तक्रार नोंदवताना तीन गोष्टी कळवा: सर्वांत नवा कन्सोल, टीव्ही १०८० चा की फोर-के, आणि मशीन आधीच असेल तर वर सांगितलेल्या आकड्यांचा एक फोटो. फोटो असेल तर मशीन पाठवावे लागेल की नाही, हे आम्ही त्याच दिवशी सांगतो.