मदतीमागची काळजी आणि मदतीमागचा ताबा

फोटो न काढता केलेली मदत निर्मळ आणि फोटो काढून केलेली दिखाऊ, हे समीकरण आपल्या गावांत इतके रुजले आहे की हेतूची तपासणी तिथेच संपली असे समजले जाते. २६ जानेवारीला वह्या देताना मुलांना रांगेत उभे करून फोटो काढणे मला अजिबात पटत नाही. पण प्रसिद्धीचा हेतू निदान उघड असतो. फसवतो तो दुसरा हेतू, जो गुप्तदानातही दडून राहतो: समोरच्याच्या आयुष्यावरचा ताबा. तो हुबेहूब काळजीसारखा दिसतो.

यवतमाळकडे शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या पत्नीला अनेकदा शिलाई मशीन दिले जाते. तिला शेतीच करायची असते, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागायला हवे असते आणि त्यासाठी तलाठ्याकडे कोणी सोबत यावे, एवढीच तिची गरज असते. तिने मशीन विकून बियाणे घेतले, तर ताबा असलेला दाता दुखावतो. काळजी असलेला दाता पेरणी कशी झाली, हे विचारतो.

दान एकदा देऊन संपते, मार्गदर्शन मात्र वर्षानुवर्षे चालते, म्हणून तिथे ताब्याला वाढायला भरपूर अवकाश मिळतो. गावच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करून घेणारे दादा एक पैसाही घेत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या हेतूबद्दल कोणी, ते स्वतःही, शंका घेत नाहीत. मग एखादा मुलगा दोन-तीन प्रयत्नांनंतर सांगतो की, मला आयटीआय करून वायरमन व्हायचे आहे. त्या क्षणी दादांच्या मनात ‘याचे पुढे कसे होईल?’ आणि ‘माझ्या मेहनतीचे काय?’ असे दोन प्रश्न उठतात, आणि दोन्ही प्रश्न ओठांवर ‘घाई करू नको रे’ याच शब्दांत येतात. ऐकणाऱ्याला त्यांतला फरक कळत नाही. बोलणाऱ्याला, प्रामाणिक असेल तर, कळतो. दुसरा प्रश्न मनात येणे हे पाप नाही. मुलाच्या आयुष्याचा निर्णय त्या प्रश्नाच्या हाती देणे हा अन्याय आहे.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बाबांच्या खराट्याचे गोडवे आपण उठसूट गातो, पण उभे केलेले दुसऱ्याच्या हाती देण्याची त्यांची ही रीत मला अधिक मोलाची वाटते, कारण मार्गदर्शकाला नेमकी हीच साधत नाही. विद्यार्थ्याला दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवताना ज्याचे मन कचरते, त्याने स्वतःला आधी तपासावे. मुलाचा निर्णय पटत नसेल तर तसे एकदा, कारणांसह, स्पष्ट सांगावे आणि नंतर आयटीआयचा अर्ज भरायला त्याच्या शेजारी बसावे.