सक्ती की स्वेच्छा? राष्ट्रीय सेवा योजनेची पार्श्वभूमी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना समाजकार्याची सक्ती करावी का, हा प्रश्न श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीमुळे पुन्हा पुढे आला असला तरी त्याचे मूळ १९५९ सालात आहे. त्याआधी, १९५० मध्ये, विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी असे शिक्षणक्षेत्रात सुचवले गेले होते. ते कागदावरच राहिले.

१९५९ मध्ये एका माजी केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फार मोठे पाऊल सुचवले. शालान्त परीक्षेनंतर ज्याला महाविद्यालयात जायचे असेल, त्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी, आणि तीही सक्तीने. त्यात थोडे लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असे सगळेच होते. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी दाखवून ही शिफारस बाजूला ठेवण्यात आली. पुढच्याच वर्षी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास झाला आणि त्याचा निष्कर्ष स्वेच्छेच्या बाजूने निघाला.

या निर्णयाला आजही काही जण कच खाणे म्हणतात. तसे म्हणणाऱ्यांनी पुढची काही वर्षे पाहावीत. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. १९६७ साली राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनीच ती ऐच्छिक करून तिला सेवेचा पर्याय द्यावा असे सुचवले आणि १९६८ मध्ये सक्ती उठली. म्हणजे सक्तीचा प्रयोग देशाने करून पाहिला होता. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० स्वयंसेवकांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती स्वेच्छेच्या पायावर. आज स्वयंसेवकांची संख्या ४० लाखांच्या आसपास आहे.

योजनेचा हिशेब तासांचा आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर. १२० पैकी साधारण २० तास उद्बोधन, ३० तास महाविद्यालयाच्या आवारात आणि ७० तास वस्तीत किंवा गावात. महाविद्यालयातल्या एका एककात (युनिटमध्ये) शंभर स्वयंसेवक, त्यातले निम्मे शिबिराला. विद्यार्थ्यांचा खरा फायदा या ७० तासांत आहे. प्रमाणपत्र आणि काही विद्यापीठांत मिळणारे १० वाढीव गुण ही वरची मलई. अनोळखी घराच्या ओट्यावर बसून पाहणीचा तक्ता भरताना प्रश्न कसा विचारावा, पन्नास जणांच्या जेवणाचा शिधा कसा काढावा, खर्चाची पावती कशी जपावी, हे वर्गात शिकता येत नाही.

गावाच्या फायद्याची गोष्ट मात्र एकक कामासाठी निवडते त्या गावाला दिलेल्या ‘दत्तक गाव’ या शब्दात अडकली आहे. दत्तक म्हटले की पालक महाविद्यालय आणि मूल गाव, असे चित्र डोक्यात बसते. मग काय करायचे ते शहरातल्या बैठकीत ठरते आणि ग्रामपंचायतीला पत्र जाते. मूळ कल्पना वेगळी होती: एकच गाव सलग काही वर्षे हाती घ्यायचे आणि गरज गावाने सांगायची. दरवर्षी गाव बदलणाऱ्या एककाच्या हातून रंगवलेल्या भिंती आणि प्रभातफेरी यापलीकडे फारसे काही उरत नाही.

वनराई बंधाऱ्याचेच, म्हणजे ओढ्यात पोती रचून घातलेल्या कच्च्या बांधाचेच घ्या. ओढ्याची धार बारीक झाली पण आटली नाही, तेव्हा म्हणजे पाऊस संपता संपता तो घालायचा असतो. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने दोन-तृतीयांशच भरायची, तोंड सुतळीने शिवायचे आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत थर रचायचे. ठासून भरलेले पोते गोल होते, शेजारच्याला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी निघून जाते. मध्ये चिकणमाती भरली नाही तरी तेच. पण शिबिरे होतात सत्र परीक्षेनंतर, डिसेंबर-जानेवारीत, तोवर कित्येक ओढे कोरडे पडलेले असतात. हिवाळी शिबिरात लावलेल्या रोपांचेही तसेच. उन्हाळ्यात पाणी घालणारा गावातला माणूस आधी ठरला नसेल तर जूनला खड्डे तेवढे दिसतात. हिवाळ्यात सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे चांगले जमतात: सुमारे मीटरभर लांब, रुंद, खोल, तळाला मोठे दगड, वर बारीक होत जाणारी खडी. काळ्या चिकण जमिनीत मात्र पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो आणि डास होतात. माती पाहूनच जागा ठरवावी.

पैशाची चौकट नंतर बदलली. केंद्र आणि राज्य यांचा वाटा पूर्वी बहुतेक राज्यांत ७:५ असा होता. २०१६ पासून सगळा खर्च केंद्राकडे आला. राज्याचा हिस्सा अडकला म्हणून शिबिर रखडले, ही जुनी तक्रार त्यामुळे निकाली निघायला हवी होती. पण अनुदान उशिरा आले तर कार्यक्रम अधिकाऱ्याला, म्हणजे एकक सांभाळणाऱ्या प्राध्यापकाला, आजही आधी पदरचे घालावे लागतात.

आणि आता श्रेयांक. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत नवी रचना आली. तिच्यात राष्ट्रीय सेवा योजना हा सहअभ्यासक्रमातला, एका सत्राला २ श्रेयांकांचा पर्याय आहे. एका श्रेयांकाला प्रत्यक्ष कामाचे ३० तास धरले तर होतात ६०. हा आकडा २४० च्या शेजारी ठेवून पाहावा. पर्याय असला तरी क्रीडा किंवा योगाच्या जागा भरल्या म्हणून इकडे आलेला विद्यार्थी स्वेच्छेने आला असे म्हणता येत नाही. १९५९ ची सक्ती मागच्या दाराने, फार थोड्या तासांची होऊन परतली आहे.

श्रेयांक नकोत असे नाही. कामाची नोंद झाली ही चांगलीच गोष्ट. पण हजेरीच्या वह्या दोन ठेवाव्यात: एक ६० तासांच्या विद्यार्थ्यांची, दुसरी २४० तासांच्या स्वयंसेवकांची. शिबिराची पन्नास नावे दुसऱ्या वहीतून काढावीत, आणि गावाची पहिली भेट सत्र परीक्षेनंतर नव्हे, ओढा वाहता असताना घ्यावी.