उजव्या मेंदूचा झटका आणि ‘शाबूत’ बोलणे

मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात झटका आला तर रुग्णाचे बोलणे शाबूत राहते, हा समज अर्धवट आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६५ साली भाषेचा संबंध डाव्या भागाशी जोडला आणि बहुतेकांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु शब्द आणि व्याकरण म्हणजे संपूर्ण संवाद नव्हे. उजव्या भागाला इजा झालेल्या रुग्णाला ‘वा, फार लवकर आलात!’ यातला टोमणा अनेकदा कळत नाही, आणि ‘जेवलात का?’ एवढेच विचारले तरी तो अस्खलितपणे भलत्याच विषयावर जातो. घरच्यांना मात्र हा स्वभावदोष वाटतो. डोक्याला मार, स्मृतिभ्रंश, मेंदूतील गाठ किंवा मेंदूज्वर यांमुळेही लक्ष आणि स्मरण ढासळून संवाद असाच विस्कटू शकतो.