पत्ता कोणाच्या वहीत?

नाशिकच्या रामकुंडावर आलेला यात्रेकरू आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय शोधताना घाटावर भेटेल त्या गुरुजींना गाव आणि आडनाव सांगतो. त्यांच्याकडे त्या घराण्याची नावे लिहिलेली वही बहुधा नसते. मात्र त्या गावाच्या वह्या कोणाकडे आहेत हे त्यांना ठाऊक असते, आणि तिथे पोहोचले की पणजोबांचे नावही निघते. इंटरनेटवर संकेतस्थळ सापडते ते बरेचसे असेच.

संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकावर, असते त्याला २०३.०.११३.२५ असा अंकी आयपी पत्ता असतो. पूर्वी सगळ्या नावांची आणि पत्त्यांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि बाकीचे संगणक तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डीएनएस’ (डोमेन नेम सिस्टिम) ही नावावरून पत्ता शोधण्याची व्यवस्था मांडली, म्हणजे एका वहीच्या अनेक वह्या केल्या.

संकेतस्थळाचे नाव टाइप केले की आपला फोन इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला पत्ता विचारतो. त्याला माहीत नसेल तर तो मूळ सर्व्हरकडे जातो (यांची नावे १३, यंत्रे मात्र जगभर शेकडो ठिकाणी). नाव ‘डॉट इन’ने संपत असेल तर मूळ सर्व्हर फक्त ‘डॉट इन’ची वही कोणाकडे आहे ते सांगतो, तिथून त्या विशिष्ट नावाची वही सांभाळणाऱ्याचा ठावठिकाणा कळतो, आणि तो खरा पत्ता देतो. नाव असे शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडते. मिळालेले उत्तर ठरावीक काळ जपून ठेवले जाते. त्यामुळेच संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवल्यावर काहींना काही तास जुनेच पान दिसत राहते आणि दोष उगाच फोनला दिला जातो.

पत्ता मिळाला तरी संपूर्ण वाट कोणालाच माहीत नसते. निफाडच्या बागायतदाराने द्राक्षाच्या घडाचा तीन एमबीचा फोटो पाठवला, तर त्याचे जास्तीत जास्त सुमारे १,५०० बाइटचे एक, असे साधारण २,००० तुकडे होतात. वाटेतला प्रत्येक राउटर (तुकडे पुढे धाडणारे यंत्र) तुकड्यावरचा पत्ता वाचून फक्त पुढचा टप्पा ठरवतो, त्यामुळे तुकडे मागेपुढे पोहोचू शकतात. ते क्रमांकानुसार जुळवले जातात आणि ज्याची पोच येत नाही तो पुन्हा पाठवला जातो. व्हिडिओ कॉलसारख्या चालू संभाषणात एवढी सवड नसते, कारण उशिरा आलेला शब्द निरुपयोगीच. म्हणून तिथे हरवलेला तुकडा सहसा सोडून दिला जातो. त्याच अशक्त नेटवर्कवर फोटो सावकाश का होईना अखंड येतो, आणि व्हिडिओ कॉलवरचा आवाज मात्र तुटतो.